एका पिनेवर भरवसा किती? ट्रॉलीच्या सुरक्षा साखळीविषयी

व्यापारात माल तयार करणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो सुखरूप पोहोचवणे महत्त्वाचे असते. आपल्यापैकी अनेकांचा माल आजही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जातो. जिनिंगमधून निघालेल्या रुईच्या गाठी, सायझिंगच्या बॉयलरसाठी लागणारे लाकूड, वीटभट्टीच्या विटा, लोखंडी सळ्या, भंगार, पाण्याचा टँकर ही सर्व ओझी ट्रॉलीवरच असतात. मंडपवाल्यांचा जनरेटर, स्लॅब टाकणाऱ्यांचा मिक्सर, रस्त्याच्या कामावरचा कॉम्प्रेसर हेदेखील चाकांवर बसवून टेम्पोच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे जोडून नेले जातात.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. पुढचे ओढणारे वाहन आणि मागचे ओढले जाणारे वाहन यांच्यामध्ये बहुधा एकच पिन असते. चार-पाच टनांचे ओझे, वर बसलेले हमाल आणि मागून येणारे मोटारसायकलस्वार या सर्वांची सुरक्षितता त्या एका पिनेवर अवलंबून असते. ती पिन तुटली किंवा निघाली, तर ट्रॉलीला धरून ठेवणारे दुसरे काही असते काय? बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर “नाही” असे आहे. जगातील अनेक देशांनी मात्र याचे उत्तर कायद्यात लिहून ठेवले आहे. ते उत्तर म्हणजे सुरक्षा साखळी होय. ही साखळी म्हणजे काय, तिचे नियम काय आहेत आणि आपल्या कारीगरांनी व व्यापाऱ्यांनी त्यातून काय घ्यावे, याची माहिती या लेखात देत आहोत.

पिन का सुटते?

पिन अचानक तुटते असे आपण म्हणतो. वास्तविक ती फार आधीपासून झिजत असते. ट्रॉलीच्या दांड्याचे भोक आणि पिन यांच्यात रोज घर्षण होते. खड्डा आला, ब्रेक लागला, गिअर बदलला की दांडा पुढे-मागे आदळतो. पिनेवर घाट पडतो, भोक लांबट होते आणि मग ठोका आणखी जोरात बसू लागतो. पिनेच्या खालच्या टोकाला असलेली छोटी फाळकी पिन म्हणजेच कॉटर पिन पडून जाते व तिच्या जागी तारेचा तुकडा किंवा खिळा घातला जातो. खडबडीत रस्त्यावर तो खिळा निघतो आणि मुख्य पिन हळूहळू वर सरकते. काही ठिकाणी मूळ पिन हरवल्यावर सळईचा तुकडा कापून घालतात. त्या लोखंडाचा कस काय आहे, हे कोणालाच ठाऊक नसते.

दुसरे कारण वेल्डिंगचे आहे. ट्रॉलीचा दांडा जिथे सांगाड्याला जोडलेला असतो, तिथे सर्वांत जास्त ताण येतो. तेथील वेल्डिंग कच्चे असेल तर प्रथम केसाएवढी चीर पडते. रंगाखाली ती दिसत नाही. तिसरे कारण जादा ओझे होय. ज्या दांड्याचा अंदाज तीन टनांसाठी केलेला आहे, त्यावर सहा टन ओढले तर पिन, दांडा आणि हुक या तिघांचेही आयुष्य घटते.

सुटल्यानंतर काय होते?

ताशी ३० किलोमीटर वेगाने चाललेले वाहन एका सेकंदात ८ मीटरपेक्षा जास्त अंतर जाते. या वेगात ट्रॉली सुटली आणि तिला स्वतःचे ब्रेक नसतील, तर सपाट डांबरी रस्त्यावर ती शंभर-दीडशे मीटर सहज जाऊ शकते. उतार असेल तर तिचा वेग कमी होण्याऐवजी वाढत जातो. तिला दिशा देणारे कोणी नसते. रस्त्याचा कल ज्या बाजूला असेल, त्या बाजूला ती वळते. त्या बाजूला दुकान आहे, बस थांबा आहे की शाळेची मुले आहेत, हे ट्रॉली पाहत नाही.

चाकांप्रमाणे धोक्याचे स्वरूपही बदलते. दोन चाकांच्या ट्रॉलीत माल पुढे भरला असेल तर सुटताच दांडा खाली येऊन रस्त्यात रुततो आणि ट्रॉली उलटू शकते. माल मागे जास्त असेल तर दांडा हवेत उडतो आणि ट्रॉलीची शेपटी जमिनीवर आदळते. चार चाकांची ट्रॉली स्वतःच्या पायांवर उभी असते, म्हणून ती न उलटता पुढे धावत राहते. तिन्ही प्रकारांत वर बसलेल्या हमालाच्या जिवाला धोका आहेच.

टोचन वेगळे, सुरक्षा साखळी वेगळी

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बंद पडलेला ट्रक साखळीने ओढून नेण्याला आपल्याकडे चालक मंडळी “टोचन” म्हणतात. हा शब्द टो-चेन या इंग्रजी शब्दावरूनच आलेला दिसतो. टोचनची साखळी ओढण्याचे काम करते. ती सतत ताणलेली असते.

सुरक्षा साखळीचे काम याच्या उलट आहे. ती ओढत नाही. नेहमीच्या प्रवासात तिच्यावर कसलाही भार नसतो. पिन आणि दांडा आपले काम करतात, साखळी शेजारी ढिली लोंबत असते. ज्या क्षणी पिन दगा देते, त्या क्षणी ती ट्रॉलीला धरते. म्हणजे ही साखळी दहा वर्षे काहीही काम न करता राहील आणि अकराव्या वर्षी एका मिनिटासाठी तिची गरज पडेल. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. जी वस्तू रोज कामाला येत नाही, तिच्यावर खर्च करण्यास हात धजत नाही.

अमेरिकेचा नियम काय सांगतो?

या विषयावर तपशीलवार नियम अमेरिकेत आहेत. तेथील संघीय नियमावलीच्या ४९व्या विभागात कलम ३९३.७० आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात व्यापारी वाहतूक करणाऱ्या वाहनांना ते लागू होते. हलक्या घरगुती ट्रेलरसाठी राज्यांचे आपापले कायदे आहेत. संघीय नियमात ज्याला पूर्ण ट्रेलर म्हटले आहे, तो आपल्या चारचाकी ट्रॉलीच्या जातीचा आहे, कारण त्याचे वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असते. त्या नियमातील मुख्य अटी आणि त्यांमागची कारणे अशी :

पहिली अट : सुरक्षा साखळी ओढणाऱ्या वाहनाच्या चासीला किंवा चासीच्या वाढीव भागाला जोडलेली असावी. ज्या हुकाला ट्रॉलीचा दांडा अडकवला आहे, त्याच हुकाला साखळी अडकवू नये. कारण उघड आहे. हुकच उखडला तर दांड्याबरोबर साखळीही जाईल. दोन दोर एकाच खुंटीला बांधल्यास खुंटी उपटल्यावर दोन्ही दोर निरुपयोगी ठरतात. १ जुलै १९७३ पूर्वी बनलेल्या जुन्या हुकांना या बाबतीत मर्यादित सवलत देण्यात आली होती. त्यानंतरच्या हुकांना नाही.

दुसरी अट : साखळी आणि तिची जोडणी यांची तुटण्याची ताकद ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या भरलेल्या वजनापेक्षा कमी नसावी. येथे दोन शब्द ध्यानात घ्यावेत. वजन “भरलेले” धरायचे आहे, रिकामे नाही. आणि ताकद केवळ साखळीची नव्हे, तर जोडणीचीही पाहायची आहे. साखळी दहा टनांची आणि ती अडकवलेला नटबोल्ट दोन टनांचा असेल, तर ती सर्व व्यवस्था दोन टनांचीच झाली. मागे एकापेक्षा जास्त वाहने असतील तर सर्वांचे वजन एकत्र धरावे लागते. उसाच्या हंगामात आपल्याकडे एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या दिसतात. अशा वेळी पहिल्या ट्रॉलीच्या पुढची साखळी दोन्ही ट्रॉल्यांच्या वजनाची हवी आणि दोन ट्रॉल्यांच्या मध्येही स्वतंत्र साखळी हवी.

तिसरी अट : साखळीत वळण घेण्यापुरतीच ढील असावी, त्यापेक्षा जास्त नाही. ढील जास्त असेल तर पिन सुटल्यावर ट्रॉली मागे राहते, दोन्ही वाहनांच्या वेगात फरक पडतो आणि साखळी एकदम झटक्याने ताणली जाते. जी साखळी सावकाश ताणल्यास पाच टन पेलते, ती अशा झटक्याने कमी ओझ्यालाही तुटू शकते. शिवाय लांब साखळी रस्त्यावर घासत जाते आणि तिच्या खालच्या कड्या झिजून पातळ होतात.

चौथी अट : पिन सुटली तरी ट्रॉलीचा दांडा जमिनीवर पडणार नाही अशा रीतीने जोडणी असावी. दांडा रस्त्यात रुतला तर ट्रॉली उलटते, हे वर सांगितलेच आहे.

पाचवी अट : साखळ्या दोन असाव्यात. एकच असेल तर ती ट्रॉलीच्या सांगाड्याला किंवा आसाला दोन ठिकाणी, शक्य तितक्या अंतरावर, लगामासारखी जोडलेली असावी. दोन बिंदूंनी धरलेली ट्रॉली पुढच्या वाहनाच्या मागे सरळ राहते. एका बिंदूने धरलेली ट्रॉली डावी-उजवीकडे झोल खाते.

याशिवाय ट्रेलर बनवणाऱ्यांचा सर्वसाधारण सल्ला असा की, दोन साखळ्या दांड्याच्या खालून एकमेकींना ओलांडून लावाव्यात. ट्रॉलीच्या डाव्या बाजूची साखळी पुढच्या वाहनाच्या उजव्या बाजूला आणि उजवीकडची डावीकडे. त्यामुळे दांड्याखाली आपोआप झोळी तयार होते. दांडा सुटला तर तो झोळीत पडतो, रस्त्यावर नाही. वळणावरही अशा साखळ्यांना कमी ढील पुरते.

ब्रेकची दोरी आणि साखळी

अमेरिकेच्या नियमात आणखी एक तरतूद आहे. ज्या ट्रेलरला ब्रेक असणे बंधनकारक आहे, तो सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लागले पाहिजेत आणि किमान १५ मिनिटे लागलेले राहिले पाहिजेत. चढावर सुटलेली ट्रॉली मागे घरंगळू नये, यासाठी ही पंधरा मिनिटे आहेत. तेवढ्या वेळात चालक उतरून चाकांना दगड लावू शकतो.

युरोपातील पद्धत थोडी निराळी आहे. तेथे मोटारीमागील ब्रेक असलेल्या ट्रेलरला एक पातळ तार जोडलेली असते. ट्रेलर सुटला की ती तार ट्रेलरचा हँडब्रेक ओढते आणि नंतर स्वतः तुटते. १५०० किलोपर्यंतच्या हलक्या ट्रेलरला अशी आपोआप ब्रेक लागण्याची व्यवस्था नसली तरी चालते, परंतु त्या बदल्यात दुसरी जोडणी, म्हणजे साखळी किंवा वायररोप, असावी लागते. ती दांड्याला जमिनीवर पडू देत नाही आणि ट्रेलरला थोडीफार दिशा देते.

या दोन वस्तूंत गल्लत करू नये. ब्रेकची तार तुटण्यासाठीच असते. सुरक्षा साखळी न तुटण्यासाठी असते. मात्र दोघींमागचा विचार एक आहे. सुटलेले वाहन एक तर धरून ठेवा, नाही तर जागेवर थांबवा. त्याला मोकळे धावू देणे हा पर्याय कोणत्याच नियमात नाही. आता आपल्याकडील ट्रॉली पाहा. बहुसंख्य ट्रॉल्यांना ब्रेक नसतात किंवा असून जोडलेले नसतात. म्हणजे आपल्याकडे थांबवण्याची सोय नाही. मग धरून ठेवण्याची तरी हवी की नको?

ऑस्ट्रेलियाची शिक्का मारलेली कडी

ऑस्ट्रेलियात नियम सोपा केलेला आहे. भरलेल्या ट्रेलरचे वजन अडीच टनांपर्यंत असेल तर किमान एक साखळी, अडीच ते साडेतीन टन असेल तर दोन. साडेतीन टनांच्या वरच्या ट्रेलरलाही दोन साखळ्या लागतात आणि त्या अधिक कसाच्या असाव्या लागतात. साडेतीन टनांपर्यंतच्या ट्रेलरसाठीच्या साखळीवर ४१७७ हा तेथील मानकाचा क्रमांक आणि क्षमता ठोकलेली असते. पोलिसाला किंवा तपासनिसाला अंदाज करावा लागत नाही. तो कडीवरचा आकडा वाचतो.

आपण कापडवाले ताग्यावरची मोहोर पाहून माल घेतो. सूत घेताना काउंट विचारतो. साखळी घेताना मात्र “जाड दाखवा” एवढेच म्हणतो. हे बरोबर नाही. सारख्या जाडीच्या दोन साखळ्यांच्या ताकदीत दुपटीहून जास्त फरक असू शकतो.

साखळीचा हिशेब

साखळीच्या कसाला ग्रेड म्हणतात. ग्रेड ३० म्हणजे साधे, मऊ पोलाद. ग्रेड ८० म्हणजे उष्णतेची प्रक्रिया केलेले मिश्र पोलाद, जे क्रेन आणि चेन ब्लॉकला वापरतात. या साखळीच्या कड्यांवर ठराविक अंतराने ८ किंवा ८० असा शिक्का असतो. आकड्याचा अर्थ सरळ आहे. ग्रेड ३० ची कडी प्रत्येक चौरस मिलिमीटरला ३०० न्यूटन ताणावर तुटते, ग्रेड ८० ची ८०० न्यूटनवर. कडीला दोन बाजू असतात, म्हणून क्षेत्रफळ दोन सळ्यांचे धरतात. त्यावरून तुटण्याची ताकद अंदाजे अशी येते :

८ मिलिमीटर, ग्रेड ३० : सुमारे ३ टन.
१० मिलिमीटर, ग्रेड ३० : सुमारे पावणेपाच टन.
८ मिलिमीटर, ग्रेड ८० : सुमारे ८ टन.
१० मिलिमीटर, ग्रेड ८० : सुमारे पावणेतेरा टन.

हे आकडे नव्या, निर्दोष साखळीचे आहेत. दुकानदार कधी “काम करण्याची क्षमता” सांगतो, ती तुटण्याच्या ताकदीच्या साधारण चौथा हिस्सा असते. १० मिलिमीटर ग्रेड ८० साखळीची अशी क्षमता ३.१५ टन सांगितली जाते. त्यामुळे सांगितलेला आकडा कोणता आहे, हे विचारून घ्यावे.

आता एक उदाहरण पाहू. आपल्याकडील रुईच्या गाठीचे प्रमाण वजन १७० किलो आहे. ट्रॉलीत २० गाठी भरल्या तर माल ३४०० किलो झाला. ट्रॉलीचे स्वतःचे वजन १२०० किलो धरले तर एकूण ४६०० किलो. यासाठी ग्रेड ३० ची ८ मिलिमीटर साखळी एकटी अपुरी आहे. त्याच ग्रेडची १० मिलिमीटर साखळी कागदावर पास होते, पण थोडी झिजली की नापास. ग्रेड ८० ची ८ मिलिमीटर साखळी मात्र एकटीसुद्धा पुरेशी ताकद ठेवते आणि दोन लावल्या तर बरीच शिल्लक राहते. शहाणपण यातच आहे की, दोन्हीपैकी प्रत्येक साखळी एकटीने सर्व वजन पेलेल अशी निवडावी. झटका बसताना दोन्हींवर सारखाच भार येईल याची खात्री नसते.

कारीगर बंधूंसाठी काही सूचना

ट्रॉली बनवणारे, दुरुस्त करणारे वेल्डर व लोहार यांनी पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात.

ग्रेड ८० च्या साखळीला कधीही वेल्डिंग करू नये. तिची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते. वेल्डिंगची आच लागली की त्या कडीचा कस जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. अनेक ठिकाणी साखळीचे टोक सरळ दांड्याला वेल्ड करून टाकतात. दिसायला काम मजबूत, पण साखळी तिथेच कमजोर झालेली असते. योग्य रीत अशी की, सांगाड्याला जाड पट्टीचा कान वेल्ड करावा, त्याला भोक पाडावे आणि साखळी शॅकलने जोडावी. शॅकलवरही क्षमतेचा आकडा असतो. तो साखळीच्या तोडीचा असावा.

साखळी कमी करण्यासाठी तिला गाठ मारू नये. दोन तुकडे नटबोल्टने जोडू नयेत. हुकाला झडप असावी, नाही तर खड्ड्यात उडून तो निघतो. शॅकलची पिन तारेने बांधून टाकावी, म्हणजे कंपनाने सैल होणार नाही.

ट्रॅक्टरवर साखळी अडकवण्यासाठी स्वतंत्र, बोल्टने घट्ट बसवलेला कान असावा. ट्रॉलीच्या पिनेत ती अडकवू नये. वर-खाली होणाऱ्या लिफ्टच्या दांड्यांनाही अडकवू नये. ट्रॉलीकडील दोन कान शक्य तितके लांब असावेत. काम झाल्यावर ट्रॅक्टर एका बाजूला पूर्ण वळवून पाहावा, मग दुसऱ्या बाजूला. दोन्ही वळणांत साखळी ताणली गेली नाही आणि जमिनीलाही लागली नाही, म्हणजे लांबी बरोबर आहे.

ग्राहक म्हणेल, “साखळीचे पैसे कशाला? नको.” तेव्हा त्याला समजावून सांगणे हेही कारीगराचे काम आहे. संपूर्ण ट्रॉलीच्या किमतीपुढे दोन साखळ्या आणि चार शॅकल यांची किंमत फार थोडी असते. ज्याच्या कारखान्यातून साखळीशिवाय ट्रॉली बाहेरच पडत नाही, त्याचे नाव पंचक्रोशीत वेगळे घेतले जाईल.

नेहमीच्या दोन हरकती

पहिली हरकत अशी की, साखळी असेल तर सुटलेली ट्रॉली ट्रॅक्टरलाही ओढून नेईल, त्यापेक्षा ती सुटलेली बरी. ही भीती अगदीच निराधार नाही. लांब, एकाच बाजूला बांधलेली साखळी असेल तर ट्रॉली झोल खाऊन धोका वाढवू शकते. पण दोन बिंदूंना, आखूड आणि ओलांडून लावलेल्या साखळ्यांत ट्रॉली मागे सरळ राहते आणि चालकाला थांबण्याची संधी मिळते. दुसरे असे की, सुटलेल्या ट्रॉलीचे नुकसान ज्याला होते, त्याचा काहीही दोष नसतो. आपले संकट रस्त्यावरच्या अनोळखी माणसावर ढकलणे हा व्यवहार कसा म्हणता येईल?

दुसरी हरकत म्हणजे “इतकी वर्षे काही झाले नाही.” पिन रोज झिजते. कालपर्यंत काही झाले नाही याचा अर्थ पिन कालपेक्षा आज पातळ आहे, एवढाच होतो.

चालकानेही एक गोष्ट शिकून ठेवावी. मागे धक्का जाणवला आणि ट्रॉली साखळीवर आली असे वाटले, तर जोरात ब्रेक मारू नये. ब्रेक नसलेली ट्रॉली मागून येऊन आदळेल. ॲक्सिलेटर सोडून वेग सावकाश कमी करावा, रस्त्याच्या कडेला सपाट जागी थांबावे आणि आधी चाकांना दगड लावावेत. नंतरच दोन वाहनांच्या मध्ये जावे.

आपल्याकडील कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रॉली हे वाहन आहे आणि तिची नोंदणी आवश्यक आहे. कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक ट्रॉलीवर, आणि ट्रॉल्या अनेक असतील तर शेवटच्या ट्रॉलीवर, दिसला पाहिजे. कलम १४६ प्रमाणे तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा बंधनकारक आहे.

ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणजे ट्रॉलीचाही आहे, असे गृहीत धरू नये. पॉलिसीवर ट्रॉलीचा उल्लेख आहे का, ते स्वतः वाचावे, वाचता येत नसेल तर वाचून घ्यावे. शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरवर भाड्याचा माल वाहिला तर अपघातानंतर विमा कंपनी हीच बाब पुढे करून जबाबदारी नाकारू पाहते. असे वाद न्यायालयांत वारंवार गेले आहेत. अशा वेळी जखमी माणूस, ट्रॅक्टरमालक आणि कधी माल पाठवणारा व्यापारीही वर्षानुवर्षे तारखा मोजत राहतो.

बंद वाहन टोचन करून नेण्याविषयी १९८९ च्या रस्ता नियमांत स्पष्ट तरतुदी होत्या. दोन वाहनांमधील अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नसावे, दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसावी, ओढल्या जाणाऱ्या वाहनावर परवानाधारक चालक असावा आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या पुढे जाऊ नये, असे त्यात होते. २०१७ मध्ये त्या नियमांच्या जागी नवे विनियम आले. तरी या जुन्या अटींमधील शहाणपण कमी झालेले नाही. मधल्या साखळीला लाल कापडाची चिंधी बांधण्यास काही खर्च येत नाही. अंधारात दोन वाहनांच्या मधून जाऊ पाहणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव तीच चिंधी वाचवते.

माल भरण्याआधी पाच गोष्टी

माल पाठवणारा व्यापारी ट्रॉलीचा मालक नसतो हे खरे. पण माल त्याचा असतो आणि भाडेही तोच देतो. त्यामुळे विचारण्याचा हक्कही त्याला आहे. ट्रॉली गोदामासमोर लागली की हमालांनी पहिली गाठ चढवण्याआधी पुढील पाच गोष्टी पाहाव्यात :

१. पिन मूळची आहे की सळईचा तुकडा? तिच्या खाली कॉटर पिन आहे का?

२. दांड्याच्या वेल्डिंगवर चीर किंवा गंजाची रेघ दिसते का?

३. सुरक्षा साखळी आहे का? ती पिनेपासून स्वतंत्र जागी अडकवली आहे का?

४. साखळीच्या कड्या झिजल्या आहेत का? कडीची जाडी मूळच्या एकदशांशाने कमी झाली असेल तर साखळी बदलण्यास सांगावे.

५. माल दांड्याच्या बाजूला किंवा शेपटीला एकवटला नाही ना? दोनचाकी ट्रॉलीत ओझे आसाच्या किंचित पुढे असावे. आणि मालावर कोणीही माणूस बसणार नाही ना?

या तपासणीस पाच मिनिटेही लागत नाहीत. एखाद्या व्यापाऱ्याने विचारले तर ट्रॉलीवाला हसेल. बाजारातील दहा व्यापाऱ्यांनी विचारले तर तो साखळी लावून येईल, कारण साखळी नसलेल्या ट्रॉलीला भाडे मिळणार नाही. व्यापारी संघटना आणि ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बैठकांत हा विषय मांडता येईल. ज्यांच्या स्वतःच्या ट्रॉल्या आहेत, त्यांनी बैठकीचीही वाट पाहू नये. येत्या सुट्टीच्या दिवशी ट्रॉली वेल्डरकडे न्यावी, पिन बदलावी, दोन कान बसवावेत आणि शिक्का पाहून दोन साखळ्या घ्याव्यात.